रहस्यपटांतील लहानगा साक्षीदार

रहस्यपटांत भीति उत्पन्न करणें फारसें अवघड नाहीं. अंधारी वाट, पिस्तूल आणि पाठलाग एवढ्या सामग्रीवर प्रेक्षक दचकतो. परंतु त्याचें काळीज गुंततें केव्हां? संकटांत सांपडलेल्या जिवाला स्वतःचें रक्षण करतां येत नाहीं तेव्हां. म्हणूनच अशा कथांच्या केंद्रस्थानीं पुष्कळदां एखादें मूल असतें. पीटर वीअर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा १९८५ सालचा 'विटनेस', म्हणजे 'साक्षीदार', हा अमेरिकन चित्रपट या प्रकाराचा उत्तम नमुना होय.

पेनसिल्व्हानियांतील अमिश पंथाचे लोक शेती करून साधेपणानें राहतात, घोड्याच्या गाडींतून प्रवास करतात आणि माणसावर शस्त्र उगारणें पाप मानतात. या पंथांतील राशेल नांवाची तरुण विधवा आपल्या लहानग्या सॅम्युएलला घेऊन प्रवासाला निघते. फिलाडेल्फियाच्या रेल्वे स्थानकावर त्या मुलाच्या डोळ्यांदेखत एक खून पडतो. तपास जॉन बुक या अधिकाऱ्याकडे येतो. पोलिसांच्या कचेरींत एका कपाटांत लावलेलें वर्तमानपत्राचें कात्रण मुलाला दिसतें. त्यांतील छायाचित्र खुन्याचें असतें, आणि तो खुनी स्वतःच पोलिस अधिकारी असतो! मूल बोट दाखवितें. बुक एक शब्दही न बोलतां तें बोट आपल्या हातानें झांकतो. ज्यांच्याकडे धांव घ्यावयाची तेच वैरी निघाले, हें त्या एका हालचालींत कळून चुकतें. लवकरच बुक गोळीनें जखमी होतो आणि मायलेकरांसह त्यांच्याच शेतावर आश्रय घेतो.

येथून प्रेमकथा सुरू होते. परंतु ती वरून चिकटविलेली नाहीं. बुक आणि राशेल यांना एकत्र आणलें तें मुलावरील संकटानें. तें संकट टळलें कीं बुकला तेथें राहण्याचें कारण उरत नाहीं. राशेलला समाज सोडवत नाहीं, त्याला पिस्तूल सोडवत नाहीं. त्यामुळें मूल वांचावें असें इच्छिणाऱ्या प्रेक्षकाला त्याच वेळीं या दोघांच्या ताटातुटीची धास्ती वाटूं लागते. भय आणि प्रीति यांचा धागा असा एकच आहे.

शेवटीं तीन सशस्त्र माणसें शेतावर येतात. दोघे झटापटींत मरतात. पण त्यांचा म्होरक्या राशेलवर पिस्तूल रोखून उभा राहतो. तेवढ्यांत सॅम्युएल शेतावरची घंटा बडवितो आणि शेजारीपाजारी शेतें तुडवीत धांवत येतात. त्यांच्या हातीं शस्त्र नाहीं. ते केवळ पाहत उभे राहतात. इतक्या डोळ्यांदेखत किती जणांना मारणार? म्होरक्या शस्त्र खालीं टाकतो, आणि बुक शहराची वाट धरतो.

या चित्रपटाला पटकथा आणि संकलन यांसाठीं दोन ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. परंतु त्याचें खरें मर्म त्याच्या नांवांत आहे. एकट्या मुलानें पाहिलें म्हणून त्याचा जीव धोक्यांत आला. साऱ्या गांवानें पाहिलें तेव्हां तो वांचला.