पाँडिचेरीचा वेढा

१७६१ चा जानेवारी महिना म्हटला की मराठी माणसाला पानिपत आठवते. १४ तारखेच्या त्या लढाईनंतर दोनच दिवसांनी दक्षिणेत पाँडिचेरी पडली आणि हिंदुस्थानात राज्य उभारण्याचा फ्रेंचांचा डाव मोडला. याचे श्रेय इंग्रज सेनापती आयर कूटला देतात आणि अपयश फ्रेंच सेनापती लालीच्या माथी मारतात. परंतु या वेढ्याचे मर्म समजून घ्यायचे, तर पगाराचा आणि धान्याचा हिशेब पाहावा लागतो.

१७५८ साली लाली पाँडिचेरीस उतरला, तेव्हा फ्रेंच कंपनीची तिजोरी खाली होती. तोफा-सामान वाहण्यास माणसे मिळेनात, म्हणून त्याने शहरातल्या लोकांना सक्तीने गाड्यांना जुंपले. गोऱ्या शिपायांचे हालही कमी नव्हते. दहा महिन्यांहून अधिक पगार थकला, तेव्हा ऑक्टोबर १७५९ मध्ये वांदीवॉश येथे त्यांनी बंड केले. आपल्यातलाच एक सार्जंट पुढारी नेमला, आणि काही थकबाकी रोख व माफीचे वचन पदरात पडल्यावरच ते परतले. पुढे २२ जानेवारी १७६० रोजी त्याच वांदीवॉशपाशी कूटने लालीचा पराभव केला.

बंदराला वेढा घालायचा, तर जमीन आणि समुद्र अशा दोन्ही बाजू आवळाव्या लागतात. कूटने भोवतालची ठाणी घेतली आणि इंग्रज आरमाराने समुद्राची वाट अडवली. आता प्रश्न उरला तो कोठाराचा. २७ नोव्हेंबर १७६० रोजी लालीने सुमारे १४०० देशी रहिवाशांना, बायकामुलांसह, शहराबाहेर काढले. इंग्रजांनी त्यांना पुढे जाऊ दिले नाही, कारण ही तोंडे आत राहिली तर शहर लवकर उपाशी पडणार होते. लालीने त्यांना परत घेतले नाही. आठ दिवस ती माणसे दोन फौजांच्या मधल्या जागेत अडकून पडली. अखेर कूटने वाट दिली. त्यांचे या कंपन्यांशी काहीही भांडण नव्हते.

१ जानेवारी १७६१ च्या वादळात इंग्रजांची अनेक जहाजे फुटली, हजारावर माणसे बुडाली. थोड्याच दिवसांत आरमाराने पुन्हा नाकेबंदी केली. १६ जानेवारीला उपासमारीने खचलेल्या शहराने शरणागती पत्करली. इंग्रजांनी तट आणि इमारती पाडून टाकल्या. १७६६ मध्ये पॅरिसला लालीचा शिरच्छेद झाला. त्याआधीच १७६३ च्या तहाने शहर फ्रेंचांना परत मिळाले होते.

म्हणून वेढ्याची हकीकत वाचताना तोफा किती होत्या, हे अवश्य विचारावे. पण त्याआधी कोठाराची किल्ली कोणाच्या हाती होती आणि दरवाजा कोणाला दाखवला गेला, हे विचारावे.