सायकलवाले घाट चढतात, मग मदतीचे पैसे येतात कुठून?

पौड : शनिवार-रविवारची पहाट झाली की चांदणी चौकाकडून सायकलींची रांग भूगाव, पिरंगुट, पौडवरून ताम्हिणीच्या दिशेने निघते. काही जण पिरंगुटातून मुठ्याकडे वळून टेमघरचा चढ धरतात आणि लवासाला जातात. कुणाच्या जर्सीवर नंबर असतो, कुणाच्या पाठीवर एखाद्या संस्थेचं नाव. टपरीवर मग ठरलेला प्रश्न येतो, "ही शर्यत हाय का? यांना काय मिळतं?" आणि 'मदतीसाठी सायकल राइड' असा बॅनर दिसला तर दुसरा प्रश्न येतो, सायकल चालवून गरिबाला मदत कशी काय होते?

सगळेच शर्यतवाले नसतात

पहिला प्रकार शर्यतीचा. जानेवारी २०२६ मध्ये १९ ते २३ तारखेला झालेली पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत होती. एकूण अंतर ४३७ किलोमीटर, आणि त्यातला एक टप्पा मुळशी-मावळचा. तिथं नंबर, वेळ, बक्षीस सगळं असतं. तेवढ्या वेळापुरता रस्ताही बंद ठेवतात.

दुसरा प्रकार 'ब्रेव्हे'चा. ही पद्धत फ्रान्समधून आली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. वाटेत ठरलेल्या ठिकाणी पोचल्याचा पुरावा लागतो, म्हणून कुणी हॉटेलात येऊन वेळ घातलेलं बिल मागतं किंवा कार्डावर शिक्का मागतं. त्यात काही भानगड नसते.

तिसरा प्रकार मदतीच्या राइडचा. पैशाचा प्रश्न येतो तो इथंच.

पैशाच्या दोन थैल्या

सायकल चालवून पैसे तयार होत नाहीत. पैसे देतात ते स्वाराच्या ओळखीचे लोक. समजा, एकाने १०० किलोमीटर जायचं ठरवलं. त्याच्या २० मित्रांनी किलोमीटरमागे ५ रुपये द्यायचं कबूल केलं. तो पोचला की प्रत्येकाचे ५०० याप्रमाणे १०,००० रुपये जमतात. घाटातला घाम हे मित्रांपुढे पैसे मागायचं कारण. फुकट मागण्यापेक्षा कष्ट करून मागितलं की माणूस देतो.

पण स्वार जी प्रवेश फी भरतो ती वेगळी. त्यातून पाणी, नाश्ता, टी-शर्ट, रुग्णवाहिका, पाठीमागची गाडी असा खर्च भागतो. फी ही एक थैली, देणगी ही दुसरी. राइड चोख आहे का, हे या दोन थैल्या वेगळ्या ठेवल्यात का यावरून कळतं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली ३६ सायकलस्वारांनी अशी एक राइड केली आणि १०,२०० डॉलर जमवले. तीच राइड आज पॅन-मास चॅलेंज म्हणून ओळखली जाते. कर्करोगाच्या उपचार-संशोधनासाठी तिने आजवर १ अब्ज डॉलरच्या वर रक्कम दिली आहे. स्वारांनी गोळा केलेली देणगी तिथं पूर्ण रुग्णालयाच्या संस्थेला जाते. खर्च भागतो तो फी आणि प्रायोजकांवर.

आपल्याकडचं उदाहरण नाशिकचं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. सोबत त्यांनी आदिवासींच्या डोळ्यांच्या आरोग्याचा विषयही लोकांपुढे नेला.

गावाने काय विचारावं?

गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मंडळांना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी काढावी लागते, हे गावोगावच्या पोरांना माहीत आहे. धर्मादाय कामाच्या नावाने लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्यालाही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. म्हणून कुणी राइडच्या नावाने डबा पुढे केला तर लाजायचं नाही. तीन गोष्टी विचारायच्या : संस्थेचा नोंदणी क्रमांक काय? पावती मिळेल का? पैसे नेमके कुणाला जाणार? पावती नसेल तर पैसे द्यायचे नाहीत. क्यूआर कोड असेल तर पैसे पाठवण्याआधी मोबाइलवर नाव संस्थेचं येतंय की एखाद्या माणसाचं, तेही बघायचं.

राइड गावातून जाणार असेल तर ग्रामपंचायतही आयोजकांना विचारू शकते. किती जण येणार, कधी येणार, रुग्णवाहिका कुठं उभी राहणार, रिकाम्या बाटल्या कोण उचलणार? आणि वाडीवरच्या शाळेला किंवा आरोग्य उपकेंद्राला काही गरज असेल तर ती लेखी मांडायला हरकत नाही. मदत गोळा करणाऱ्यांना गरज कुठं आहे हे कुणीतरी सांगावं लागतं.

रस्ता दोघांचा

ग्रँड टूरच्या निमित्ताने जिल्ह्यातले बरेच रस्ते गुळगुळीत झाले, तशी गाड्यांची गतीही वाढली. उतारावर सायकलसुद्धा मोटारसायकलच्या वेगाने येते आणि तिचा आवाज येत नाही. गुरं रस्ता ओलांडताना एक माणूस पुढं ठेवावा. सायकलला ओव्हरटेक करताना निदान दीड मीटर जागा सोडावी. वळणावर तर मागेच थांबावं. सायकलवाल्यांनीही एकामागे एक चालावं आणि अंधारात मागचा लाल दिवा चालू ठेवावा.

कुणी पडलाच तर १०८ वर फोन करा. घाटात रेंज नसेल तर येणाऱ्या गाडीवाल्याकडे निरोप द्या. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तसं संरक्षण दिलेलं आहे. त्यामुळे "नको ती कटकट" म्हणून पुढं निघून जायचं कारण उरलेलं नाही.