पेट्रोल पंपावर इंजिन बंद का करायचे?

जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोल आणि पारोळा ही गावे लागतात. या महामार्गावरच्या एखाद्या पेट्रोल पंपावर तुमची गाडीही कधीतरी थांबली असेल. 'इंजिन बंद करा', 'धूम्रपान करू नये' या पाट्या तुम्ही वाचल्या असतील. पण तेथे काय दिसते? एक मोटारसायकलवाला इंजिन चालू ठेवूनच रांगेत पुढे सरकतो. दुसरा खाली उतरतच नाही. त्याच्यापुढे टाकीला टेकून लहान मूल बसलेले असते. तिसरा म्हणतो, "अजून थोडं टाका, टाकी गच्च भरू द्या!" मग या पाट्या कशासाठी लावलेल्या असतात? त्यांच्यामागचे शास्त्र आज आपण पाहू या.

पेटते ती वाफ

पेट्रोल पेटते असे आपण म्हणतो. खरे तर पेटते ती त्याची वाफ. द्रवातून वाफ निघते, हवेत मिसळते आणि ते मिश्रण ठिणगीची वाट पाहत असते. शंभर भाग मिश्रणात वाफ साधारण दीड ते साडेसात भाग असली, की ते पेट घेते. पेटण्याइतकी वाफ सोडायला पेट्रोलला किती तापावे लागते, ठाऊक आहे? शून्याच्याही खाली सुमारे ४० अंश सेल्सिअसला ते अशी वाफ सोडते! म्हणजे धुळ्याच्या कडाक्याच्या थंडीतही ही वाफ असतेच. मग मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा किती असेल, याचा विचार करा. डिझेलचे तसे नाही. त्याला पुष्कळ जास्त तापावे लागते.

ही वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. जड वायू कसा वागतो, हे घरी पाहता येईल. मोठ्या माणसांना जवळ बसवून एक मेणबत्ती लावा. उंच भांड्यात खायचा सोडा घेऊन त्यावर लिंबाचा रस पिळा. फेस खाली बसला की भांडे मेणबत्तीवर हळूच तिरपे करा. रस सांडू द्यायचा नाही, बरे का! ज्योत विझेल. भांड्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यासारखा खाली ओघळला, म्हणून ती विझली. पेट्रोलची वाफ तर त्याच्या दुपटीहून जड. तीही अशीच जमिनीलगत पसरत जाते. फरक एवढाच, की ती ज्योत विझवत नाही, ज्योतीवर पेट घेते. म्हणून चार पावलांवर फेकलेले विडीचे थोटूकही धोक्याचे असते. हा प्रयोग पेट्रोल घेऊन मात्र कधीही करायचा नाही.

ठिणगी कोठून येते?

चालू इंजिनाच्या तारांचा एखादा जोड सैल असेल तर तेथे ठिणगी उडू शकते. सायलेन्सरचा इंजिनाजवळचा भागही चांगलाच तापलेला असतो. मोटारसायकलची टाकी नेमकी त्याच्यावर असते. पेट्रोल सांडले तर ते तेथेच ओघळणार! अशा वेळी गाडीवर बसलेल्या माणसाला, आणि विशेषतः पुढे बसलेल्या मुलाला, पळायला वेळ मिळत नाही. म्हणून आधी इंजिन बंद करायचे, सर्वांनी खाली उतरायचे आणि मगच टाकीचे झाकण उघडायचे.

दुसरी ठिणगी स्थिर विद्युतेची. कोरड्या केसांवरून कंगवा फिरवला की तो कागदाचे कपटे ओढतो, तीच ही वीज. दमट हवेत तिचा भार लवकर निघून जातो. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात तो साठून राहतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालक स्वतःच पेट्रोल भरतात. तेथल्या पंपांवरील आगींची चौकशी झाली, तेव्हा अनेकदा असे आढळले की चालक मध्येच गाडीत जाऊन बसला होता. कपडे आसनाला घासून अंगावर भार जमला आणि परत येऊन नळीला हात लावताच ठिणगी उडाली. मोबाइल फोनमुळे आग लागल्याचे त्या चौकशीत सिद्ध झाले नाही. तरीही फोनवर बोलणाऱ्याचे लक्ष सांडणाऱ्या पेट्रोलकडे नसते. म्हणून तो खिशातच बरा. पैसे फोनवरून द्यायचे असतील तर नळीपासून दूर जाऊन द्यावेत.

प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल घेऊ नये, त्याचेही कारण हेच. प्लॅस्टिकवर जमलेला भार जमिनीत उतरत नाही. टँकर रिकामा करताना आधी त्याला जमिनीशी जोडलेली तार लावतात, ती हा भार काढून टाकण्यासाठीच.

टाकी गच्च का भरू नये?

पंपाच्या नळीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहताना त्यातून हवा आत ओढली जाते. टाकी भरत आली की छिद्र पेट्रोलने झाकते, हवा थांबते, आतला पडदा ओढला जातो आणि 'खट्' असा आवाज होऊन प्रवाह बंद पडतो. ती खूण झाली की थांबायचे.

कारण पेट्रोल तापले की फुगते. दर अंशाला त्याचे आकारमान हजारात सुमारे एक भाग वाढते. जमिनीखालच्या टाकीतून आलेले १० लिटर पेट्रोल उन्हात १५ अंशांनी तापले, तर ते जवळजवळ १५० मिलिलिटर वाढेल. कपभर पेट्रोल झाले की हो हे! टाकीत जागाच नसेल तर ते बाहेर येणार.

आणखी एक गोष्ट. पेट्रोलमध्ये थोडे बेंझीन असते आणि ते कर्करोगाला कारण ठरू शकते. आपण पंपावर पाच मिनिटे थांबतो; पेट्रोल भरणारे दादा-ताई दिवसभर तेथेच उभे असतात. आपण हट्टाने गच्च भरायला लावलेल्या टाकीची वाफ त्यांच्या नाकात जाते. हा हट्ट सोडला तर आपले काही कमी होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पंप आला की वडिलांना एवढेच सांगा, "बाबा, आपण आधी खाली उतरू या." का, असे त्यांनी विचारले तर उत्तर आता तुमच्याजवळ आहेच!