अणुभट्टींतील वायूंचा बंदोबस्त

चुलीचा धूर धुराड्यावाटे बाहेर घालविला कीं गृहिणीची काळजी संपते. अणुभट्टीचें तसें नाहीं. युरेनियमच्या अणूचें भंजन झालें म्हणजे उष्णतेबरोबर झेनॉन व क्रिप्टॉन हे वायु आणि आयोडीनची वाफ हींहि निर्माण होतात, आणि त्यांतील बराच भाग किरणोत्सर्गी असतो. त्यांना कोठें आणि किती काळ अडवावें, हा ह्या विद्येंतील मोठा प्रश्न होय.

इंग्लंडांत विंडस्केल येथील जुन्या भट्ट्यांत इंधन थंड करणारी हवा धुराड्यांतून सरळ आकाशांत सोडीत असत. सर जॉन कॉक्रॉफ्ट ह्यांनीं धुराड्यांच्या माथ्यावर गाळण्या बसविण्याचा आग्रह धरिला, तेव्हां लोकांनीं त्यांना 'कॉक्रॉफ्टचा वेडेपणा' म्हणून हिणविलें. १९५७ च्या ऑक्टोबरांत एका भट्टीस आग लागली, आणि त्याच गाळण्यांनीं पुष्कळ विषारी धूळ अडविली. परंतु गाळणी धूळ अडविते, वायु अडवीत नाहीं. निसटलेलें आयोडीन कुरणांवर पडलें व गवतांतून गाईंच्या दुधांत उतरलें. लहान मुलांच्या गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि तें ओढून घेते. म्हणून सुमारें ५०० चौरस किलोमीटर मुलखांतील दूध ओतून टाकावें लागलें.

शेजारींच १९५६ साली सुरू झालेल्या कॅल्डर हॉल येथें याहून शहाणी रीत होती. तेथें कार्बन डायऑक्साइड वायु बंद नळांतूनच फिरे. युरेनियम धातूच्या डब्यांत मोहोरबंद असे, आणि एखादा डबा फुटल्यास परत येणाऱ्या वायूच्या तपासणीवरून तें कळे.

येथें काळ हाच खरा वैद्य आहे. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनीं निम्में होतें. म्हणजे ८० दिवस कोंडल्यास त्याचा सहस्रांशहि उरत नाहीं. झेनॉन-१३३ ला सुमारें ५ दिवस पुरतात. इंग्लंडांतीलच 'ड्रॅगन' भट्टींत (१९६४) इंधनांतून झिरपणारे वायु हेलियमच्या झोतानें कोळशाच्या थरांत नेत. तेथें ते रेंगाळत आणि रेंगाळतां रेंगाळतां क्षीण होत.

पुढें वायु जेथें जन्मतो तेथेंच त्यास रोखण्याची युक्ति निघाली. अर्ध्या मिलिमीटरच्या इंधनकणाभोंवतीं प्रथम सच्छिद्र कार्बनचा थर देतात, कीं वायूस सामावण्यास जागा मिळावी. त्यावर घट्ट कार्बन, सिलिकॉन कार्बाइड व पुन्हा कार्बन. शंकरानें हालाहल गिळलें नाहीं व थुंकलेंहि नाहीं, कंठींच धरिलें. तसाच हा प्रकार. चीनमध्यें शिदाव उपसागराकांठीं २०२३ च्या डिसेंबरांत व्यापारी तत्त्वावर सुरू झालेल्या हेलियमशीतित भट्टींत असे हजारों कण ६ सेंटिमीटरच्या एकेका गोळ्यांत भरलेले असतात. तथापि लाखांत कांहीं कण सदोष निघायचेच. म्हणून हेलियमहि सतत शुद्ध करीत राहावें लागतें.

आणि क्रिप्टॉन-८५ ला निम्में होण्यास जवळजवळ ११ वर्षें लागतात. वीज घरांत क्षणांत खर्चून जाते. वापरलेल्या इंधनाचें कवच मात्र अभंग राखण्याचें काम पुढील पिढीकडे जातें. वडिलांचें ऋण नातवंडांनीं फेडावें, ही रीत आपल्या घरांना अपरिचित नाहीं. म्हणून हें ऋण काढतांनाच त्याचा हिशेब चोख लिहून ठेवणें, हें वडीलधाऱ्यांचें कर्तव्य होय.