कलम चोरीचं, मारहाण घरातली

आजचा प्रश्न: बायकोला मारणारा माणूस जेलमध्ये ओळखायचा कसा? आणि ओळखला, तर पुढे काय?

भिवंडीच्या केसमधले बरेच आरोपी कल्याणच्या आधारवाडी नाहीतर ठाण्याच्या जेलमध्ये जातात. तिथे नोंद होते ती कलमाची. पूर्वीचं 498अ, म्हणजे 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85, लागलं असेल तर कळतं. पण चोरीत आत आलेला माणूस घरीही मारत असेल तर? बायकोने तक्रारच केली नसेल, तर रेकॉर्ड कोरं. डेटाबेसमध्ये कॉलमच नाही, मग सर्च करून मिळणार काय?

म्हणून विचारावं लागतं, तेही आडून. "मारतोस का?" याचं उत्तर "नाही"च येणार. "भांडण झालं की पुढे काय होतं? तिचा मोबाइल कोण तपासतं? पैसे कोणाच्या हातात?" यातून चित्र दिसतं. 2005चा कायदा शिवीगाळ आणि पैशांची कोंडी यांनाही हिंसाच म्हणतो. गळा दाबला असेल, तर ती मोठ्या धोक्याची खूण. बायकोलाही विचारावं, पण एकटीला. आणि ती काय म्हणाली ते नवऱ्याला कधीच कळू नये.

आता उपचार. "दारू चढली, राग आला," हे नेहमीचं. पण हाच माणूस लूमवर शेठची बोलणी खातो, तिथे हात उचलत नाही. म्हणजे हात आवरता येतो! अमेरिकेतल्या डुलुथ शहरात 1980च्या दशकात सुरू झालेलं मॉडेल हेच धरून चालतं: मुद्दा रागाचा कमी, ताबा ठेवण्याचा जास्त. गटात बसून आपल्या वागण्याचा हिशोब द्यायचा. निकाल संमिश्र आहेत, जादू नाही. दारू सोडवायची तर ते काम वेगळं. आपल्याकडे मुंबईची 'मावा' संस्था 1993पासून पुरुषांशी याच विषयावर बोलतेय.

जेलमधली खरी अडचण वेगळीच. देशात चारपैकी साधारण तीन कैदी कच्चे, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यांना सक्ती कशी करणार? "तोंड उघडू नकोस," असा वकिलाचा सल्ला. शिवाय जामीन झाला की कोर्स अर्धवट. म्हणून कोर्स ऐच्छिक हवा, केसपासून वेगळा हवा, आणि बाहेरही चालू राहायला हवा.

आणि एक, तो सुटतोय हे तिला आधी कळायला हवं. कोर्स त्याच्यासाठी असला, तरी तो कशासाठी? ती घरात न घाबरता झोपावी म्हणून.

तुमच्या ओळखीत कोणाला गरज असेल तर 181, तातडीचं असेल तर 112. नंबर सेव्ह करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.