‘हवा’ आणि ‘एअर’ : मोटारीच्या हवागाळणीची जोडणी व कारागिरांची मराठी

परिभाषेच्या चर्चेत शब्द कोणी घडवावा आणि कोणत्या धातूपासून घडवावा, यावर जितका खल होतो, तितका तो शब्द हातात पाना धरलेल्या माणसाच्या उपयोगी पडतो की नाही, या प्रश्नावर होत नाही. नागपूरला हा विषय परका नाही. डॉ. रघुवीर यांची ‘सरस्वती विहार’ ही संस्था १९४६ मध्ये लाहोरहून नागपुरास आली आणि पुढील काही वर्षे संस्कृत उपसर्ग, धातू व प्रत्यय यांच्या आधारे नव्या शब्दांची टांकसाळ याच शहरात चालली. त्या शब्दांपैकी काही रुळले, पुष्कळसे कोशातच राहिले. याच शहराच्या दक्षिण अंगाला हुडकेश्वर आहे. एके काळचे हे खेडे आता महापालिकेच्या हद्दीत आले आहे. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मोटारदुरुस्तीच्या दुकानांत शब्द घडविण्यास कोणी बसलेले नाही. तेथे शब्द कामाबरोबर आले आणि कामानेच त्यांना अर्थ दिला.

या भाषेचा कस पाहण्यासाठी एक लहानसे, परंतु चुकल्यास महाग पडणारे काम घेणे सोयीचे आहे. ते म्हणजे स्पोर्ट्स मोटारीची मूळ हवागाळणी काढून तेथे बाजारात मिळणारी दुसरी बसविणे. ‘हवागाळणी’ हा शब्द येथे केवळ लेखनाच्या सोयीसाठी योजला आहे. दुकानात तिला ‘एअर फिल्टर’ म्हणतात; तिच्या गाळणाऱ्या अंगाला ‘जाळी’ आणि ती ज्यात बसते त्याला ‘डबा’.

हवागाळणीचे काम किती मोठे आहे, याची कल्पना सहसा नसते. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास धरले, तर त्याला अकरा किलो हवा हवी. म्हणजे आकारमानाने सुमारे ९,००० लिटर. दोन लिटर क्षमतेचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेऊ लागले की मिनिटाला ६,००० लिटरांपर्यंत हवा ओढू शकते. ही सारी हवा एका जाळीतून जावयाची असते. जाळी दाट असेल तर धूळ अडते, पण हवेलाही अडथळा होतो. विरळ असेल तर याच्या उलट. बाजारातील नव्या गाळणीचे सारे आकर्षण या अडथळ्याशी निगडित आहे. तथापि त्याचे माप पाहिले पाहिजे. वातावरणाचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असतो. पूर्ण वेगात मूळ जाळीमुळे त्यातील दोन किलोपास्कल खर्ची पडत असतील, तर तो अडथळा संपूर्णपणे नाहीसा केल्यानेही हवा दोन टक्क्यांच्या आसपासच वाढेल. आणि तीही पेट्रोल इंजिनाची झडप पूर्ण उघडी असताना. शहरातील रस्त्यावर अर्धवट उघडलेली झडप स्वतःच सर्वांत मोठा अडथळा असते. स्पोर्ट्स मोटारीचा मालक ही झडप पूर्ण उघडतो, म्हणूनच हा उद्योग त्याच्या वाट्याला येतो.

हुडकेश्वरच्या बाजूने विचार करता धुळीचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा ठरतो. जेथे शेते मोडून ले-आउट पडतात, तेथे माती उघडी पडते आणि बांधकामाची वाळू रस्त्याच्या कडेला येऊन बसते. वाळूतील मुख्य द्रव्य गारगोटीचे, म्हणजे सिलिकाचे असून ते सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कठीण असते. जाळीतून निसटलेला बारीक कण तेलाच्या पातळ थरात शिरतो व पिस्टनच्या कड्यांबरोबर सिलिंडरची भिंत घासू लागतो. परिणाम त्या दिवशी दिसत नाही. काही हजार किलोमीटरांनंतर ‘इंजिन ऑइल खाते’ अशी तक्रार येते आणि त्या वेळी फिल्टरची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

ही गाळणी दोन प्रकारची मिळते. पहिली मूळ डब्यातच बसणारी सपाट जाळी. ती कागदाऐवजी तेल लावलेल्या सुती कापडाच्या थरांची असते. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘के अँड एन’ या कंपनीने हा प्रकार जगभर प्रसिद्ध केला. दुसऱ्या प्रकारात डबाच काढून टाकतात व नव्या नळीच्या टोकाला शंकूच्या आकाराची उघडी गाळणी बसवितात. मराठी येथे एक अडचण उभी करते. ‘फिल्टर बदलला’ हे वाक्य दोन्ही प्रसंगी शुद्ध आहे. ‘बदलणे’ या क्रियापदात जुन्याच्या जागी तसेच नवे ठेवणे आणि मुळाचे रूप पालटणे, हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. दुकानातील हिशेबाला हा भेद नडत नाही, पण वॉरंटीच्या व कायद्याच्या कागदाला नडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनात असा फेरफार करण्यास मनाई केली आहे की ज्यामुळे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हीच गोष्ट ठासून सांगितली. हवागाळणी नोंदणीपत्रात लिहिलेली नसते हे खरे. तरी डबा काढल्याने आवाज वाढतो, आणि इंजिनाच्या पोटातील वाफ परत ओढून घेणारी बारीक नळी जोडायची राहिली तर ती वाफ बाहेर पडते. म्हणून सपाट जाळीच्या बाबतीत ‘बदलणे’ व शंकूच्या बाबतीत ‘फेरफार करणे’ असा भेद लेखनात तरी पाळणे इष्ट होय.

आता प्रत्यक्ष जोडणी. इंजिन थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण बाजू सुटी करावी. डब्यापासून झडपेकडे जाणाऱ्या रबरी नळीचे क्लॅम्प पेचकसाने सैल करावेत. (‘पेचकस’ हा शब्द नागपूरकडे जितका सहज ऐकू येतो तितका पुण्याकडे येत नाही.) डब्याजवळच्या नळीत हवेचे प्रमाण मोजणारा सेन्सर असतो, त्याची वायर खटका दाबून काढावी, ओढून नव्हे. डबा बहुधा रबरी बुचांवर बसविलेला असतो. बोल्ट काढून तो सरळ वर उचलावा. त्याच क्षणी झडपेच्या उघड्या तोंडावर स्वच्छ कापड बांधावे. ही गोष्ट सर्वांत क्षुल्लक वाटते आणि हिलाच विसरल्याने एखादा स्क्रू इंजिनाच्या पोटात जातो. नंतर सेन्सर नव्या नळीत बसवावा. त्यावरील बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेस, म्हणजे इंजिनाकडे, असला पाहिजे. नळी रबरी किंवा सिलिकॉनच्या जोडातून झडपेला लावावी, बारीक नळ्या आपापल्या जागी जोडाव्यात, शंकू बसवावा, आणि सर्व भाग जागेवर आल्यावरच क्लॅम्प आवळावेत. एक क्लॅम्प आधीच पक्का केला की पुढचा जोड तिरपा बसतो. बोनेट लावून पाहावे, नळी कोठे घासते का ते तपासावे, व मगच इंजिन सुरू करावे.

या टप्प्यावर मिस्त्री कान देतो. जोडातून बारीक शिळेसारखा आवाज आला, किंवा इंजिन मंद गतीत वरखाली होऊ लागले, तर तो म्हणतो, “पाइप एअर घेऊन राहिला.” यातील ‘घेऊन राहिला’ हे नागपुरी मराठीचे परिचित चालू-क्रियारूप, प्रमाण मराठीतील ‘घेत आहे’ याच्या तोडीचे. अधिक लक्षणीय आहे तो ‘एअर’ हा शब्द. हाच मिस्त्री टायरमध्ये ‘हवा’ भरतो, धुळकट जाळीला कॉम्प्रेसरची ‘हवा मारतो’, आणि घट्ट जाळीबद्दल ‘इंजिनाला हवा मिळत नाही’ असे म्हणतो. तेथे तो ‘एअर’ म्हणत नाही. उलट ब्रेकच्या तेलात बुडबुडे अडकले की त्याला ‘एअर काढावी’ लागते. डिझेलच्या नळीत पोकळी झाली की ‘एअर आली’. म्हणजे एकाच द्रव्याला दोन नावे असून त्यांची वाटणी स्पष्ट आहे. जी हवी आहे, योग्य वाटेने आली आहे, ती हवा. जी चोरवाटेने शिरली, नको तेथे अडकली, ती एअर. ‘एअर फिल्टर’ हा जोडशब्द या वाटणीबाहेरचा आहे, कारण तो अखंड उसना आलेला आहे व बोलणाऱ्याच्या मनात त्याचे तुकडे पडत नाहीत.

ही वाटणी केवळ मौजेची नाही. सेन्सर आपल्यासमोरून गेलेल्या हवेचे माप घेतो आणि त्याप्रमाणे संगणक पेट्रोल सोडतो. सेन्सरनंतरच्या जोडातून शिरलेली हवा मोजली गेलेली नसते. तिच्यासाठी पेट्रोल सुटत नाही, मिश्रण पातळ होते व मंद गती बिघडते. जोड गाळणीच्या पुढे असल्यामुळे ती गाळलेलीही नसते. मोजलेली व गाळलेली ती हवा, न मोजलेली व न गाळलेली ती एअर, अशी व्याख्या अभियंत्याने केली असती तरी तिच्यात सुधारणा करण्यास फारसा वाव नव्हता. परभाषी शब्द म्हणून लेखनातून ‘एअर’ सरसकट काढून टाकला आणि दोहोंच्या जागी एकच ‘वायू’ घातला, तर भाषा शुद्ध होईल आणि वाक्य निकामी होईल. कोशकाराने अशा ठिकाणी शब्दाचे कूळ पाहण्याआधी त्याचा संसार पाहावा.

तथापि कारागिरांच्या भाषेत सर्वच भेद आहेत असे मानणेही भाबडेपणाचे होईल. एक महत्त्वाचा भेद तिच्यात नाही, आणि त्याचा फटका विदर्भात विशेष बसतो. मराठीत मोटार ‘पेट्रोल पिते’, ‘ऑइल खाते’, चढावर तिचा ‘दम’ निघतो. या शरीराच्या रूपकात गाळणीची जागा नाकाची, आणि मग ‘मोकळी हवा मिळाली की दम वाढेल’ हे अनुमान आपोआप निघते. उघडा शंकू दिसतोही मोकळा. परंतु इंजिनाला हवेचे आकारमान लागत नाही, वस्तुमान लागते. पिस्टन प्रत्येक वेळी तेवढीच जागा मोकळी करतो. त्या जागेत किती प्राणवायू मावेल हे तापमान ठरविते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ४५ अंशांची बाहेरची हवा बोनेटखाली शिरून ६५ अंशांची झाली, तर तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. अडथळा दूर करून दोन टक्के मिळवावेत आणि उष्णतेत सहा गमवावेत, असा हा व्यवहार होतो. मूळ डबा बाहेरून, बोनेटच्या कडेची थंड हवा घेत असतो. तो काढून इंजिनाशेजारी शंकू लावला की आवाज भारदस्त होतो आणि मालकास वेग वाढल्याचा भास होतो. शंकूभोवती उष्णता अडविणारा पत्रा व बाहेरची हवा आणणारी नळी नसेल, तर सपाट जाळीच बरी. टर्बोच्या इंजिनात दाबलेली हवा पुढे इंटरकूलरमध्ये थंड केली जाते, त्यामुळे हा तोटा काहीसा झाकला जातो, नाहीसा होत नाही.

इंजिन कोठे आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. डीसी डिझाइनची दोन आसनांची ‘अवंती’ २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तिचे इंजिन आसनांच्या मागे असल्यामुळे तिला हवा मिळते ती बाजूंच्या तोंडांतून. अशा मोटारीत ‘पुढून थंड हवा आणा’ हा सल्ला निरर्थक ठरतो.

थंड हवेच्या शोधात नळी बंपरखाली नेण्याची एक पद्धत आहे. तिला पावसाळ्याची मर्यादा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. अशा पाण्यातून जाताना खाली नेलेल्या नळीने पाणी ओढले, तर ते सिलिंडरमध्ये दाबले जात नाही, कारण पाणी दबत नाही. पिस्टनचा दांडा वाकतो. दोन टक्क्यांच्या हौसेत संपूर्ण इंजिन जाते. चारचाकी पाण्यात बंद पडली तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करता ढकलून बाहेर काढावी, हे त्याचसाठी सांगतात.

राहता राहिली निगा. कागदी जाळीला दुकानात ‘हवा मारतात’ आणि ती स्वच्छ झाली असे समजतात. मारायचीच असल्यास आतून बाहेर व कमी दाबाने मारावी; बाहेरून मारलेली हवा धूळ कागदात आणखी खोल रुतविते आणि जोराची हवा कागद फाडते. कागदी जाळी नवी घालणे हेच श्रेयस्कर. सुती जाळी मात्र पुन्हा वापरायची असते. ती खास द्रवात भिजवावी, आतल्या बाजूने पाण्याने धुवावी आणि सावलीत आपोआप सुकू द्यावी. सुकविण्याची घाई करून तिला कॉम्प्रेसरखाली धरू नये. मग तिला तेल द्यावयाचे. येथे मराठीत आयता भेद आहे: चामड्याला तेल ‘पाजतात’, अंगाला ‘लावतात’. सुती जाळीला तेल पाजावे, लावू नये. म्हणजे प्रत्येक घडीवर थोडे थोडे सोडून ते धाग्यात मुरण्यास वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत, कोरडे डाग उरले असतील तेथेच पुन्हा थेंब सोडावा, आणि वर राहिलेले टिपून घ्यावे. न टिपलेले तेल हवेबरोबर पुढे जाते व सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसते; मग तोच सेन्सर खऱ्या हवेचे खोटे माप देऊ लागतो.