जुन्या मॉरिस मायनरला पाचवा गिअर : गुणोत्तराचा एक धडा

‘वरचा गिअर म्हणजे जास्त ताकद.’ सातवी-आठवीच्या मुलांना विचारून पाहा, बहुतेकांचं उत्तर हेच येईल. आणि खरं सांगायचं तर पालकांनाही विचारलं तर फार वेगळं येणार नाही. गोष्ट नेमकी उलटी आहे. ती का उलटी आहे हे समजावून सांगायला एक छान उदाहरण आहे, ब्रिटनमधली मॉरिस मायनर ही जुनी मोटार. तिचे मालक तिचा मूळचा चार गिअरचा गिअरबॉक्स काढून पाच गिअरचा बसवतात. का बसवतात, आणि बसवल्यावर हाती काय येतं, हे पाहिलं की गुणोत्तराचा अख्खा पाठ त्यात सापडतो.

आधी गाडीची थोडी ओळख. अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने आखलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात आली. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. शाळामास्तर, परिचारिका, टपालखातं, सगळ्यांची गाडी. पण ती आली तेव्हा ब्रिटनमध्ये आजच्यासारखे मोटरवे नव्हते. एम-१ या मोटरवेचा पहिला मोठा टप्पा खुला झाला १९५९ मध्ये. म्हणजे गाडीचे गिअर ठरले ते गल्लीबोळ, चढउतार आणि गावाबाहेरच्या वळणावळणाच्या रस्त्यांसाठी. तासन् तास एकाच वेगाने पळायचं आहे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

आता फळ्यावर या.

१०९८ घनसेंमी इंजिनाच्या मायनरमध्ये मागच्या आसावर दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली असतात. एकाला ९ दाते, दुसऱ्याला ३८. भागाकार केला की ४.२२. म्हणजे इंजिनाकडून येणारा लांब दांडा (याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात) ४.२२ वेळा फिरतो तेव्हा रस्त्यावरचं चाक एकदा फिरतं. चौथ्या गिअरमध्ये गिअरबॉक्स काहीच बदल करत नाही, इंजिन जितकं फिरेल तितकाच दांडा फिरतो. पहिल्या गिअरचं गुणोत्तर मात्र सुमारे ३.६३ आहे. ३.६३ गुणिले ४.२२ करा: इंजिनाच्या सुमारे १५.३ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी! म्हणून पहिल्या गिअरमध्ये गाडी चढ चढते, पण इंजिन किंचाळतं आणि वेग काही मिळत नाही.

चाकाचा परीघ सोयीसाठी १.८ मीटर धरू. गाडी ताशी १०८ किलोमीटरने चालली आहे असं समजा. ताशी १०८ किमी म्हणजे मिनिटाला १८०० मीटर. म्हणजे चाकाच्या मिनिटाला बरोब्बर १००० फेऱ्या. (हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. मुलांचा वेळ भागाकारात जाऊ नये, विचारात जावा.) मग चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्या किती? ४२२०. जेमतेम ४८ अश्वशक्तीचं छोटं इंजिन मिनिटाला चार हजारांवर फेऱ्या मारत तासभर चाललं, तर आतला आवाज, कंप आणि पेट्रोल यांचा हिशेब वेगळा सांगायला नको. शेजारून लॉऱ्या जाताहेत आणि आत बोललेलं ऐकू येत नाही, अशी अवस्था.

इथे पाचवा गिअर येतो. फोर्ड कंपनीचा ‘टाइप नाइन’ नावाचा गिअरबॉक्स १९८० च्या दशकातल्या सिएरा गाड्यांमध्ये असायचा. जुन्या ब्रिटिश गाड्यांना पाच गिअर द्यायचे म्हटलं की वर्षानुवर्षं पहिलं नाव याचंच निघालं. त्याच्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८२. एकापेक्षा कमी! वर्गात इथे थांबा आणि विचारा, एकापेक्षा कमी गुणोत्तराचा अर्थ काय? इंजिन ०.८२ फेरी मारतं तेव्हा दांडा एक फेरी मारतो. दांडा इंजिनाच्या पुढे पळतो. मग त्याच १०८ च्या वेगाला ४२२० गुणिले ०.८२, म्हणजे साधारण ३४६०. मिनिटाला ७६० फेऱ्या वाचल्या.

पण फुकट काही मिळालेलं नाही. इंजिनाचा पीळ तोच धरला, तर पाचव्यात चाकापर्यंत पोचणारा जोर चौथ्याच्या ८२ टक्केच उरतो. सपाट रस्त्यावर तो पुरतो. चढ आला, समोरून वारा आला, की गाडी मंदावते आणि गुमान चौथा टाकावा लागतो. वरचा गिअर ताकद देत नाही, तो फेऱ्या वाचवतो आणि त्याबदल्यात जोर घेतो. मुलांना हे पटवायचं तर गिअरची सायकल उलटी उभी करा. पुढे ४४ दाते आणि मागे २२ असतील तर पेडलच्या एका फेरीत चाक दोनदा फिरतं. मागे ११ दात्यांचं चक्र घेतलं तर चारदा. मग मुलांना त्याच गिअरवर शाळेचा उतार उलट्या दिशेने चढायला सांगा. पाय जे सांगतील ते फळा सांगू शकत नाही.

पाचव्या गिअरइतकंच सुख आणखी एका गोष्टीचं आहे. मायनरच्या मूळ गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. सिंक्रोमेश म्हणजे दोन फिरत्या भागांचा वेग आधी घासून सारखा करणारी आणि मग त्यांना अडकू देणारी सोय. ती नसली तर चालत्या गाडीत पहिला टाकताना ‘खर्रर्र’ आवाज येतो, नाहीतर क्लच दोनदा दाबून, मध्ये अ‍ॅक्सिलरेटर देऊन वेग जुळवावा लागतो. फोर्डच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरना ती सोय आहे.

बसवण्याचं काम मात्र एका दुपारचं नाही. मायनरच्या गिअरबॉक्सचा पुढचा घंटेसारखा भाग गिअरबॉक्सच्या सांगाड्यातच ओतलेला असतो. फोर्डचा तो भाग सुटा होतो, म्हणून त्याजागी मायनरच्या इंजिनाला जुळणारा नवा भाग लावतात. फोर्डच्या दांड्याच्या खाचा वेगळ्या, म्हणून क्लचप्लेट वेगळी. खालची आडवी पट्टी बदलायची, क्लचची जोडणी नव्याने करायची, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलून तो पुन्हा समतोल करून घ्यायचा. तो नीट समतोल झाला नाही तर वाचवलेला आवाज थरथरीच्या रूपाने परत येतो.

आणि ब्रेक? मायनरला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. गाडी आता वेगात शांत वाटते, त्यामुळे चालक नकळत वेगात राहतो, पण थांबण्याचं अंतर होतं तेवढंच आहे. माझ्या मते आधी ब्रेक सुधारावेत, मग गिअरबॉक्सकडे वळावं.

आपल्याकडच्या अँबॅसडरचीही या गोष्टीशी सोयरीक आहे. ती मॉरिसच्याच ऑक्सफर्ड सीरिज थ्री या गाडीवरून आली, चार गिअर आणि गिअरची दांडी स्टीअरिंगजवळ. १९९० च्या दशकात तिला इसुझूचं इंजिन मिळालं आणि त्याबरोबर पाच गिअर. तिथे कारखान्यानेच इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने बदलले. मायनरचे बरेच मालक मूळ इंजिन जपतात आणि फक्त गिअरबॉक्स बदलतात. काढलेला जुना गिअरबॉक्स जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते.

याहून स्वस्त एक वाट आहे, आणि गृहपाठासाठी तीच जास्त चांगली. गिअरबॉक्स तसाच ठेवून मागच्या आसातली ९ आणि ३८ दात्यांची जोडी काढायची आणि १० आणि ३९ ची बसवायची. गुणोत्तर ३.९. आता १०८ च्या वेगाला इंजिनाच्या फेऱ्या ३९००. पण इथे एकच गिअर बदलला नाही, सगळे बदलले. पहिल्याचे १५.३ चे १४.२ झाले, म्हणजे चढावर गाडी उचलणं थोडं जड.

आता प्रश्न. वेग दाखवणारा काटा गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्याच्या फेऱ्या मोजतो, चाकाच्या नाही. आसातली जोडी बदलली, काटा तसाच ठेवला. काटा १०८ दाखवतो तेव्हा दांडा पूर्वीसारखाच ४२२० फेऱ्या मारतोय. मग चाकाच्या फेऱ्या किती, आणि गाडीचा खरा वेग किती? ४२२० भागिले ३.९, म्हणजे सुमारे १०८२ फेऱ्या. वेग ताशी जवळजवळ ११७ किलोमीटर. ब्रिटनच्या मोटरवेवरची मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२.७ किलोमीटर. काटा नियमात, गाडी नियमाबाहेर. पोलिसाने अडवलं तर चालकाने काय सांगायचं, हे मुलांनाच लिहायला सांगा.